पायी चालणाऱ्याला गाडीने ठोकरलं तर: इस्पितळापासून भरपाईपर्यंत

अपघातानंतर माणसं माझ्याकडे येतात ती बहुतेक वेळा उशिराच. पायाचं प्लास्टर निघालेलं असतं, ठोकर देणाऱ्याने सुरुवातीला दिलेले दहा-पंधरा हजार संपलेले असतात, त्याने फोन उचलणंही बंद केलेलं असतं. मग कोणीतरी सांगतं, कायद्याने काही मिळतं का बघून ये. मी गोव्यातल्या पेडणे तालुक्यात विधी सेवेची स्वयंसेविका म्हणून काम करते. वकिली करणं माझं काम नव्हे. अर्ज लिहून देणं, कागद क्रमाने लावणं, माणसाला योग्य दारात नेऊन उभं करणं, एवढं मी करते. त्या अनुभवावरून सांगते, पायी चालणाऱ्याचा दावा पहिल्या दोन-तीन दिवसांत घडतो किंवा बिघडतो. म्हणून त्या दिवसांबद्दलच आधी आणि सविस्तर लिहिते.

इस्पितळात काय लिहिलं जातं

108 ला फोन करा. रुग्णवाहिका नेईल तिथे जा, म्हापशाच्या इस्पितळात किंवा थेट बांबोळीच्या मोठ्या सरकारी इस्पितळात. जखमीला इस्पितळात पोचवणं ही ठोकर देणाऱ्या चालकाची कायदेशीर जबाबदारी आहे. पण वाटेने जाणाऱ्या कोणी उचलून नेलं तर त्याला नाव सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 134अ ने त्याला तसं संरक्षण दिलं आहे. हे लोकांना ठाऊक नसतं आणि पोलिसांच्या भीतीने माणसं लांबून बघत राहतात, म्हणून मी गावच्या प्रत्येक बैठकीत हे सांगते.

खाजगी इस्पितळात जावं लागलं तर विचारा की ते रस्ता अपघाताच्या कॅशलेस उपचार योजनेत आहे का. केंद्राने मे 2025 मध्ये अधिसूचित केलेल्या या योजनेत अपघाताच्या दिवसापासून सात दिवस, 1.5 लाख रुपयांपर्यंतचा उपचार नेमलेल्या इस्पितळांत रोख पैसे न भरता मिळतो. पायी चालणारा जखमीही त्यात येतो.

आता खरी गोष्ट. कॅज्युअल्टीत डॉक्टर विचारतात, काय झालं? उत्तर जो देईल त्याचं वाक्य केसपेपरवर उतरतं, आणि दोन वर्षांनी भरपाईचे दावे चालवणाऱ्या न्यायाधिकरणात विमा कंपनीचा वकील तेच वाक्य मोठ्याने वाचून दाखवतो. आमच्याकडच्या एका देवळापाशी फुलं विकणाऱ्या काकींना भाड्याच्या स्कूटरने ठोकर दिली. स्कूटरवर दोन पर्यटक मुलगे होते. पळून न जाता त्यांनीच काकींना टॅक्सीत घालून इस्पितळात नेलं, ही चांगलीच गोष्ट. पण खिडकीवर त्यांनी सांगितलं, ‘रस्त्यावर पडल्या.’ काकी वेदनेने बेजार, घरचं कोणी अजून पोचलेलं नाही. डॉक्टरांनी ऐकलं तसं लिहिलं. डाव्या पायाची नडगी मोडली होती आणि कागदावर गाडीचा उल्लेखच नव्हता.

हे टाळायचं तर घरच्या पहिल्या माणसाने पोचल्याबरोबर एकच काम करावं. नोंदीत काय लिहिलं आहे ते विचारावं आणि स्पष्ट सांगावं: पायी चालत होती, अमुक ठिकाणी, मागून किंवा समोरून गाडीने धडक दिली, गाडीचा नंबर हा. ही पोलिसांना कळवायची केस आहे, तेव्हा एमएलसी नंबर, म्हणजे अशा केसचा इस्पितळातला नोंद क्रमांक, पडलाच पाहिजे. तो लिहून घ्या. चुकीचं आधीच लिहिलं गेलं असेल तर खाडाखोड करायला लावू नका, खाडाखोडीच्या कागदावर नंतर जास्त शंका घेतात. त्यापेक्षा वैद्यकीय अधीक्षकांच्या नावे त्याच दिवशी साधा अर्ज द्या, माहिती कोणी दिली आणि खरं काय घडलं ते लिहा, आणि स्वतःच्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. पोलिसांच्या जबाबातही तेच सांगा. काकींच्या बाबतीत हवालदाराने खाटेपाशी घेतलेला जबाब, शेजारी बसणाऱ्या फूलवालीची साक्ष आणि पंचनाम्यात नोंदलेला स्कूटरचा फुटलेला आरसा, या तीन गोष्टींनी तो एक शब्द निस्तरला. त्यासाठी धावपळ मात्र बरीच झाली.

पोलीस स्थानक आणि पंचनामा

‘जखमी बरा झाला की तक्रार करू’ असं म्हणू नका. एफआयआर जखमीनेच द्यायला हवी असं नाही. मुलगा, शेजारी, बघणारा, कोणीही देऊ शकतो. बेदरकारपणे गाडी चालवण्यासाठी भारतीय न्याय संहितेचं कलम 281 आणि दुखापतीसाठी कलम 125 लागतं, मृत्यू झाला तर 106. हाड मोडलं असेल तर कायद्याच्या भाषेत ती गंभीर दुखापत होते, हे लक्षात ठेवा. पुढे भरपाईच्या दोन ठिकाणी याच शब्दावर रक्कम ठरते. एफआयआरची प्रत तक्रारदाराला फुकट मिळते. पोलिसांनी एफआयआर नोंदवायला टाळाटाळ केली तर तीच तक्रार लेखी, टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवा आणि पावती जपा. तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

पंचनामा होताना घरचं किंवा गावचं एक जाणतं माणूस तिथे हवं. पायी चालणाऱ्याविरुद्ध विमा कंपनीचा ठरलेला बचाव असतो: हा अचानक धावत रस्त्यात आला. त्याला उत्तर पंचनाम्याच्या नकाशात सापडतं. माणूस पडला ती जागा डांबराच्या कडेपासून किती मीटरवर, रक्त कुठे, चप्पल कुठे, काच कुठे, ब्रेकची खूण आहे की नाही, फुटपाथ आहे की नाही, पथदीप चालू होता का. आमच्याकडे धारगळपासून पत्रादेवीपर्यंत महामार्ग रुंद झाला, पण गावातल्या रस्त्यांना अजून चालायला कडेची मातीसुद्धा धड नाही. पांढऱ्या रेषेबाहेर चालणाऱ्या माणसाला गाडीने उडवलं असेल तर ते अंतर मोजून लिहिलं गेलंच पाहिजे. स्वतःही फोटो काढा, आणि फोटोत न हलणारं काहीतरी येऊ द्या. वीज खात्याच्या खांबावर नंबर रंगवलेला असतो, तो दिसेल असा फोटो असला की जागेबद्दल नंतर वाद उरत नाही.

सीसीटीव्हीचं चित्रण काही दिवसांत पुसलं जातं, जुन्यावर नवं चढतं. जवळचं दुकान, बार, पेट्रोल पंप, पंचायत, कुठे कॅमेरा आहे ते त्याच दिवशी बघून तपास अधिकाऱ्याला लेखी कळवा की हे ताब्यात घ्या. दुकानदाराकडून स्वतः प्रत घेतलीत तरी ती न्यायालयात चालण्यासाठी सोबत प्रमाणपत्र लागतं, ते वकिलाला विचारून वेळेवर करून घ्या.

2022 पासून पोलिसांवर एक वेळापत्रक बांधून दिलेलं आहे. पहिला अपघात अहवाल 48 तासांत न्यायाधिकरणाला आणि विमा कंपनीला, सविस्तर अहवाल 90 दिवसांत. जखमीला त्याच्या हक्कांची माहिती छापील नमुन्यात देणंही त्यांचं कामच आहे. तुम्ही तपास अधिकाऱ्याला ‘पहिला अहवाल पाठवला का?’ एवढं नेमकं विचारलंत तरी कामाला गती येते, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे. मागायचे कागद हे: एफआयआर, पंचनामा व नकाशा, गाडीच्या तपासणीचा अहवाल, गाडीचं नोंदणीपत्र (आरसी), चालकाचा परवाना, विमा पॉलिसी, आणि पुढे आरोपपत्र. गाडीचा विमा चालू आहे का ते एम-परिवहन ॲपवर नंबर घालूनही कळतं.

पोलीस स्थानकाच्या व्हरांड्यातच मिटवण्याची भाषा सुरू होते. ‘पोरगा आपल्याच वाड्यावरचा आहे, त्याचं आयुष्य बरबाद होईल, पंचवीस हजार घ्या आणि तक्रार नाही म्हणून लिहून द्या.’ मी हात जोडून सांगते, असं लिहून देऊ नका. भरपाई पोराच्या खिशातून जायचीच नसते, विमा असेल तर ती विमा कंपनी देते. शेजारधर्म तुटण्याचं काही कारण नाही. तो उपचाराला पैसे देत असेल तर घ्या, पण बँकेतून, आणि ‘उपचारासाठी मदत’ एवढ्याच शब्दांत.

गाडी पळाली तर

इथे एक गैरसमज फार आहे. चालक पळाला, पण नंबर कोणी टिपला, तर तो कायद्याच्या अर्थाने हिट अँड रन नव्हे. गाडी सापडते आणि पूर्ण दावा करता येतो. शोध घेऊनही गाडीच सापडली नाही, तर 2022 ची हिट अँड रन योजना आहे: मृत्यूसाठी 2 लाख, गंभीर दुखापतीसाठी 50 हजार रुपये. अर्ज तालुक्याच्या महसुली कार्यालयात, म्हणजे आपल्याकडे उपजिल्हाधिकारी किंवा मामलेदारांकडे नेऊन विचारायचं. चौकशी तिथे होते, मंजुरी जिल्हाधिकारी देतात. एफआयआर, इस्पितळाचे कागद, आधार, पासबुक जोडा. नंतर गाडी सापडली तर मोठा दावा बंद होत नाही, ही रक्कम त्यातून वजा होते.

दावा कुठे, कधी, कुणावर

मोटार अपघात दावा न्यायाधिकरण उत्तर गोव्यात पणजीला आणि म्हापशाला, दक्षिणेत मडगावला बसतं. अपघात झाला तिथे, जखमी राहतो किंवा कामधंदा करतो तिथे, किंवा समोरचा पक्ष राहतो तिथे, यांतलं सोयीचं ठिकाण दावा करणाऱ्याने निवडायचं. बांदा, सावंतवाडी, दोडामार्गाहून रोज गोव्यात कामाला येणारी किती माणसं आहेत! त्यांना म्हापशात ठोकर बसली तरी दावा सिंधुदुर्गात लावता येतो, प्रत्येक तारखेला मोडका पाय घेऊन गोव्यात यावं लागत नाही.

मुदत सहा महिन्यांची, अपघाताच्या तारखेपासून. 1 एप्रिल 2022 पासून ही मुदत आली आहे. तिच्याविरुद्ध याचिका सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या आहेत, म्हणून उशीर झालेल्याने आपलं आपणच ‘संपलं’ असं ठरवू नये, वकिलाला विचारावं. पण ज्याच्या हातात अजून महिने आहेत त्याने त्या भरवशावर एक दिवसही घालवू नये. फौजदारी खटल्याचा निकाल लागेपर्यंत थांबण्याचीही गरज नाही. तो खटला वेगळा आणि त्याला पुरावा कडक लागतो. दाव्यात कुणाचं म्हणणं जास्त संभवनीय एवढंच पाहतात. चालक सुटला तरी भरपाई मिळालेली उदाहरणं आहेत.

दावा चालक, मालक आणि विमा कंपनी या तिघांवर करायचा. गोव्यात हे विशेष महत्त्वाचं. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेली भाड्याची गाडी चालवणारा पर्यटक चार दिवसांत आपल्या गावी जातो. लोक हताश होतात, तो गेला, आता कुणाला धरायचं? मालक इथेच आहे आणि गाडीचा विमा आहे. पायी चालणारा त्रयस्थ पक्ष ठरतो आणि त्याच्यासाठीचा विमा प्रत्येक गाडीला सक्तीचा आहे. चालकाकडे परवाना नव्हता असं निघालं, तरी अनेक प्रकरणांत न्यायालयांनी विमा कंपनीला आधी जखमीला पैसे द्यायला आणि मग मालकाकडून वसूल करायला सांगितलं आहे. विमाच नसेल तर मात्र मालकावर सगळं येतं. अशा वेळी जप्त केलेली गाडी तारण घेतल्याशिवाय सोडू नये, असा अर्ज लगेच द्या.

अजून एक जागा जपून पाऊल टाकायची. मोटार वाहन कायद्याच्या कलम 164 खाली चूक कुणाची हे सिद्ध न करता गंभीर दुखापतीला 2.5 लाख आणि मृत्यूला 5 लाख मिळतात. विमा कंपनी हा देकार लवकर देते, आणि घरात पैशाची चणचण असली की सही करावीशी वाटते. पण ती रक्कम स्वीकारली की कलम 166 चा, म्हणजे समोरच्याची चूक दाखवून पूर्ण भरपाई मागण्याचा, मोठा दावा संपतो. हाड नीट जुळलेलं, माणूस कामाला लागलेला, साक्षीदार कोणी नाही, असं असेल तर घ्यावी. कायमचं लंगडेपण राहणार असेल तर हिशोब मांडल्याशिवाय घेऊ नये.

हिशोब कसा मांडतात

समजा 48 वर्षांची मासळी विकणारी बाई, महिन्याची कमाई 15,000. वर्षाचे झाले 1,80,000. स्वतःचा धंदा आणि वय 40 ते 50, म्हणून पुढच्या वाढीचे 25 टक्के धरले की 2,25,000. या वयाला गुणक (वर्षाच्या कमाईला ज्याने गुणायचं तो वयानुसार ठरलेला आकडा) 13, म्हणजे 29,25,000. आता मासळीची पाटी उचलणं, दिवसभर उकिडवं बसणं तिला जमत नाही आणि त्यामुळे कमाईची ताकद 20 टक्के घटली असं ठरलं, तर या एकाच सदराखाली 5,85,000 रुपये होतात. त्याशिवाय उपचाराचा खर्च, पुढच्या शस्त्रक्रियेचा, घरी बसलेल्या महिन्यांची कमाई, सोबतीला राहिलेल्या माणसाचा, येण्याजाण्याचा आणि आहाराचा खर्च, सोसलेल्या वेदना, हे वेगळं. गुणकाचा तक्ता सर्वोच्च न्यायालयाने 2009 च्या सरला वर्मा निकालात ठरवून दिला, पुढच्या वाढीचे टक्के 2017 च्या प्रणय सेठी निकालात.

यात सगळं अडतं ते त्या 20 टक्क्यांवर. अपंगत्वाच्या दाखल्यावर डॉक्टर त्या अवयवाचे टक्के लिहितात, कमाईची घट वेगळी असते. सर्वोच्च न्यायालयाच्या 2010 च्या राजकुमार निकालाने हा फरक स्पष्ट केला. गुडघा वाकत नसेल तर बँकेतल्या कारकुनाचं काम चालू राहतं, पण माडावर चढणाऱ्या रेंदेराचा धंदा शंभर टक्के जातो. म्हणून आधी काय काम करत होता आणि आता नेमकं काय जमत नाही, हे जबाबात तपशिलाने यायला हवं. दाखला वैद्यकीय मंडळाचा घ्या, आणि उपचार करणारे डॉक्टर साक्षीला येतील का ते आधी विचारा.

कमाईचा कागद नाही म्हणून घाबरू नका. बाजारात बसल्याची पालिकेची किंवा पंचायतीची सोपो (बाजारातल्या जागेचं शुल्क) पावती, बँकेतला भरणा, स्वयंसहायता गटाची वही, दुकानदाराची उधारीची नोंद, सगळं चालतं. घर सांभाळणाऱ्या बाईची कमाई शून्य धरत नाहीत. तिच्या कामालाही पैशाचं मोल आहे असं सर्वोच्च न्यायालयाने वारंवार म्हटलं आहे. सरकारी इस्पितळात उपचार फुकट झाले म्हणूनही दावा नाहीसा होत नाही. पेडण्याहून बांबोळीला ड्रेसिंगसाठी केलेल्या फेऱ्यांच्या टॅक्सीचे पैसे कोणी दिले? त्या पावत्या एका पिशवीत घाला, एक्स-रेच्या फिल्म आणि डिस्चार्ज कार्डाची मूळ प्रत त्यातच. मूळ कागद कुणालाही देऊ नका, वकिलालाही द्यायचे तर यादी करून सही घ्या.

वकील आणि लोकअदालत

इस्पितळात खाटेपाशी वकालतनामा घेऊन येणाऱ्याला नम्रपणे परत पाठवा. मिळणाऱ्या रकमेतला तिसरा हिस्सा माझा, असं ठरवणं वकिलांच्या आचारनियमांत बसत नाही. फी आधी ठरवून लिहून घ्या. बायका, मुलं, अनुसूचित जाती-जमातींची माणसं, अपंग, कारखान्यातले कामगार यांना 1987 च्या विधी सेवा कायद्याने मोफत वकील मिळतो, बायकांना तर उत्पन्न न बघता. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समितीकडे अर्ज करा किंवा 15100 वर फोन करा. फुकटचा वकील म्हणजे दुय्यम, ही समजूत मनातून काढून टाका. आमच्याकडच्या समितीच्या एका तरुण वकीलबाई पावसात साक्षीदाराच्या घरी स्वतः चालत गेल्या होत्या.

लोकअदालतीत दावा लवकर मिटतो आणि न्यायालय शुल्क भरलेलं असेल तर ते परत मिळतं, पण तिथल्या निवाड्यावर अपील नाही. उपचार संपायच्या आत, अपंगत्वाचा दाखला हातात नसताना तिथे आकडा कबूल करू नका. कंपनी पहिला आकडा सांगेल तेव्हा वरचा हिशोब कागदावर मांडलेला असू द्या आणि बोलायला वेळ मागा.

निवाडा कमी वाटला तर 90 दिवसांत पर्वरीच्या उच्च न्यायालयात अपील करता येतं, मात्र वादातली रक्कम एक लाखाच्या आत असेल तर नाही. दावा दाखल केल्यापासूनचं व्याज निवाड्यात लिहिलं आहे का ते त्याच दिवशी वाचून घ्या. पैसे थेट जखमीच्या खात्यात यावेत म्हणून पासबुकाची प्रत न्यायाधिकरणात आधीच द्या. काही रक्कम मुदत ठेवीत ठेवण्याचा आदेश झाला आणि शस्त्रक्रियेसाठी ती मध्येच लागली, तर डॉक्टरांचा अंदाजपत्रकाचा कागद जोडून ती सोडवण्यासाठी अर्ज करता येतो.